पोरीला लहान ठेवायचं होतं

पोरगी शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिची आई लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करत होती. निरोप आला तशी ती दवाखान्याकडे धावली. मागोमाग मोठे दीर आले. लॉन्ड्री त्यांची, मागची खोली त्यांची, आणि नवरा गेल्यापासून या मायलेकींचं बरंवाईटही तेच ठरवायचे.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पापण्या ओढून पाहिल्या. "आई, जरा बाहेर बसा. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय. या वयात मुली आईसमोर सगळं सांगत नाहीत."

या वयात! हे कुठलं वय? आईच्या घराण्यात बाईची वयं दोनच. पाळी येईपर्यंत पोर, आली की बाई. मधे श्वास घ्यायला जागा नाही. तिची स्वतःची पाळी आली आणि तिला उजवून टाकली. पहिल्या बाळंतपणात मूल गेलं, ती जाता जाता राहिली. आता दिरांनी पोरीसाठीही स्थळ हेरून ठेवलं होतं. "मोठी झाली की कळव," म्हणाले होते, दूधवाल्याला निरोप ठेवावा तसे.

दूध-अंड्यांनी पोरी लवकर वाढतात, असं आईने ऐकलं होतं. मग तिने पोरीचं दूध तोडलं, अंडी तोडली, ताट अर्ध्यावर आणलं. पोरगी रिकामं ताट बोटाने पुसायची, तेव्हा आईच्या काळजाचे लचके तुटायचे. पण काडीसारखी का होईना, पोर आपल्यापाशी राहील!

आई बाहेर आली, दार बंद झालं. पोरगी सांगणार, आई जेवायला देत नाही. मग दवाखान्यातले हे लोक तिला आपल्यापासून काढून घेणार.

"हल्लीच्या पोरी फारच नाजूक," दीर बाकावरून म्हणाले. "तुझे लाड, दुसरं काय!"

दार उघडलं. "हिची पाळी कधी सुरू झाली?"

"अजून आलीच नाही," आई म्हणाली.

"आलीय. आणि सुरू झाली की थांबत नाही. अंगात रक्तच उरलेलं नाही, आत्ताच्या आत्ता चढवावं लागेल. ही खाते तरी काय? ती म्हणते, पोटभर जेवते."

आत पोरगी कॉटवर पांढरीफटक पडली होती. "तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही, आई. फाटक्या चादरींचे तुकडे घ्यायचे मी."

आईला आत्ता कळलं. आपण हिला लपवत होतो, ही आपल्याला सांभाळत होती!

"म्हणजे मोठी झाली की!" मागोमाग आत आलेल्या दिरांचा चेहरा उजळला. "रक्तबिक्त चढवून लवकर उभी करा, डॉक्टर. पाहुण्यांना कळवायला हवं."

"अहो, तेरा वर्षांची आहे ती!"

"मग? हिची आईपण एवढीच होती. काय धाड भरली तिला?"

आई डॉक्टरीणबाईंकडे वळली. बोललं तर छप्पर जाणार. नाही बोललं तर पोर जाणार.

"पोटभर जेवते म्हणून खोटं सांगतेय ती, बाई. मीच हिला अर्धपोटी ठेवली. मोठी होऊ नये म्हणून. ह्यांनी हिला विहिरीत ढकलू नये म्हणून."

"खोलीला कुलूप ठोकीन!" दीर गरजले.

"ठोका, भाऊजी."

हा आवाज आपला आहे, यावर तिचा विश्वास बसेना. ती कॉटवरच टेकली. पोरीचा गार हात मांडीवर घेतला आणि कधीपासून काय काय तोडलं, ते डॉक्टरीणबाईंना सांगू लागली.