मासळीच्या टाकीतला बाप्तिस्मा

टाकी मासळीवाल्याकडची आहे, हे पाळकबाईंनी मंडळीत कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. हॉलमध्ये पाऊल टाकलं की नाकाला आपोआप कळायचं. सोड्याने घासून झाली, लिंबाने घासून झाली, शेवटी कपड्यांच्या साबणाने घासून झाली, तरी त्या निळ्या प्लास्टिकमधून जिवंत मासे पोहून गेल्याची खूण काही जाईना.

"अहो, प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते ना? त्यांना चालला असता की हा वास," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

पाळकसाहेब हसले नाहीत. टाकीत पाइप सोडून ते पाण्याची पातळी बघत उभे होते. एरवी बायकोच्या चेष्टेला निदान मिशीतल्या मिशीत तरी दाद देणारा हा माणूस बाप्तिस्म्याचा विषय निघाला की एकदम ताठ व्हायचा. त्याला कारणही तसंच होतं. मिशनने दोघांना या परक्या देशात पाठवल्यापासून त्यांच्या हातून इतके घोटाळे झाले होते, की आसपासच्या लोकांची चांगली करमणूक झाली होती. आल्या आल्या एका कुटुंबाच्या नव्या घरात प्रार्थना करायला म्हणून साहेब निघाले आणि भलत्याच मजल्यावर जाऊन थडकले. तिथल्या लोकांना वाटलं, हा गॅस तपासायला आलेला माणूस. त्यांनी साहेबांना थेट स्वयंपाकघरात नेऊन शेगडीसमोर उभं केलं. साहेबांना वाटलं, इकडे अशीच पद्धत असेल. त्यांनी शेगडीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि लांबलचक प्रार्थना म्हटली. घरच्या बाईने आभार मानून विचारलं, "म्हणजे आता पेटवायला हरकत नाही ना?"

बाई हा किस्सा रंगवून रंगवून सांगायच्या. साहेबही हसायचे, पण नंतर एकटे असताना म्हणायचे, "आपल्याला हसले तर हसू देत गं. पण बाप्तिस्म्याला कुणी हसता कामा नये."

कारण आजवर इथे एकही बाप्तिस्मा झाला नव्हता. टायरच्या जुन्या गोदामाचा हॉल केला, खुर्च्या मांडल्या, पाच-पंचवीस माणसं जमू लागली. गाणी म्हणायला, बोलायला, चहा प्यायला लोक यायचे. पण उभं राहून 'मला घ्या' म्हणणारा एकच निघाला, तो म्हणजे कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर.

तो पहिल्यांदा आला होता भांडायला. बाईंनी कचऱ्याचे डबे रस्त्याच्या उलट्या बाजूला ठेवले होते आणि त्याला गाडी मागे घ्यावी लागली होती. हा धिप्पाड माणूस पाय दणाणत आत आला, तावातावाने बोलला, बाईंनी निमूटपणे ऐकून घेतलं आणि चहा पुढे केला. चहा पिता पिता त्याचं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. "इथे काय चालतं?" असं त्याने विचारलं, आणि त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकला नाही. मागच्या रांगेतली खुर्ची कुरकुरली की बाई ओळखायच्या, ड्रायव्हरभाऊ आले.

त्याने बाप्तिस्मा मागितला आणि दोनदा माघार घेतली. पहिल्यांदा साहेबांनी पोहण्याचा तलाव ठरवला होता. हा पांढरे कपडे घालून काठापर्यंत आला, पाण्याकडे बघत राहिला आणि त्याच कपड्यांत बस पकडून घरी गेला. म्हणून ही टाकी आणली, कंबरेएवढ्या पाण्याची. त्याने आत एक पाय घातला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्या दिवशी नवरा-बायकोची चांगलीच जुंपली.

"दोन थेंब शिंपडले डोक्यावर तर काय आभाळ कोसळणार आहे?" बाई कडाडल्या.

"आपल्या मंडळीचा नियम आहे. पूर्ण पाण्याखाली. तू मला शिकवू नकोस."

पण शिंपडलेलं पाणी ड्रायव्हरलाच नको होतं. दुसऱ्या दिवशी बाई हॉलमधल्या खुर्च्या पुसत होत्या, तेव्हा तो आला, कोपऱ्यातलं एक फडकं उचललं आणि त्यांच्याबरोबर पुसायला लागला. बराच वेळ एकच खुर्ची पुसत राहिल्यावर तो म्हणाला, "वहिनी, मला धाकटा भाऊ होता."

बाईंनी हातातलं काम थांबवलं नाही. थांबवलं तर तो गप्प होईल, एवढं त्यांना कळत होतं.

"कालव्यावर गेलो होतो आम्ही. आईने मला सांगितलं होतं, त्याच्यावर लक्ष ठेव. मी काठावरच उभा होतो, त्याच्याकडेच बघत होतो. तो ओरडलाच नाही हो. मान वर करायचा, परत खाली जायचा. मला वाटलं, सोंग करतोय. मी हसत होतो, वहिनी."

बाईंनी पुढची खुर्ची पुसायला ओढली.

"थोरली बहीण आहे मला. याच गावात शिवणकाम करते. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघतच नाही. समोरासमोर बसून जेवलो तरी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते." त्याने फडकं पिळलं, खरं तर ते कोरडंच होतं. "तो जिथे गेला तिथे मला एकदा जायचंय. डोक्यावरून पाणी जाऊ द्यायचंय. आणि देवाचं नाव घेऊन परत यायचंय. दोन थेंबांनी माझं काही व्हायचं नाही."

"मग जायचंच," बाई म्हणाल्या. "मी तिथे उभी असेन. काही होऊ देणार नाही."

असं वचन देऊन बसल्यावर आता माघार नव्हती. रविवार ठरला. ड्रायव्हरने बहिणीलाही बोलावलं.

राहिला प्रश्न साहेबांच्या छातीचा. मागचा हिवाळा त्यांनी न्यूमोनियाने दवाखान्यात काढला होता आणि डॉक्टरांनी गारठ्यापासून जपायला सांगितलं होतं. हॉलमधला गीझर भांडी धुण्यापुरता. टाकीतलं पाणी बर्फासारखं. बाई पुन्हा मासळीवाल्याकडे गेल्या. तळ्यात उतरताना तो छातीपर्यंत येणारी रबरी पँट घालायचा, खाली बूट जोडलेली. ती त्यांनी मागून आणली. आता मासळीवाला अंगाने असा, की त्या पँटीत दोन पाळक सुखाने मावले असते. बाईंनी त्यात नवऱ्याला उभं केलं आणि कंबरेला पायजम्याची नाडी करकचून बांधली.

"श्वास घेता येत नाहीये," साहेब म्हणाले.

"पाणी आत जायला नको. वरून झगा घातला की कुणाला दिसणार आहे?"

त्यांनी आरशात पाहिलं आणि लहान मुलासारखं केविलवाणं तोंड केलं. बाईंना हसू आवरेना. पण साहेब झग्याची बटणं भलत्याच काजांत घालत होते, हे पाहून त्यांनी ते हसू गिळलं आणि बटणं लावून दिली.

हॉल भरला होता. अगदी शेवटच्या खुर्चीवर, दाराला लागून, करड्या कोटातली एक बाई बसली होती. कोट काढला नव्हता, पिशवी मांडीवर तशीच. ही बहीण, हे पाळकबाईंनी ड्रायव्हरसारख्याच नाकावरून ओळखलं. ती भिंतीतल्या खिडकीकडे बघत होती.

साहेब लाकडी पायऱ्या चढून टाकीत उतरले. ड्रायव्हर पायरीपाशी आला आणि थांबला. पांढऱ्या सदऱ्यात त्याची छाती जोरजोरात खालीवर होत होती. साहेबांनी हात पुढे केला. ड्रायव्हरचा पाय उचलेना.

परत गेला हा, बाईंच्या मनात आलं, आता परत कधीच यायचा नाही.

तेव्हा साहेबांचा ताठपणा कुठल्या कुठे गेला. अगदी घरगुती आवाजात ते म्हणाले, "हे बघ, काही नसतं. मी दाखवतो तुला. गुडघे वाकवायचे आणि मागे टेकायचं. बस्स."

त्यांनी गुडघे वाकवले. पँटीच्या पायांत सगळी हवा कोंडलेली. बाईंनी ती नाडी आवळून पक्की केली होती. तळाला साबण राहिला होता. साहेबांचे पाय सर्रकन पुढे सरकले आणि वर आले. पाहता पाहता रबरी बुटांची जोडी पाण्याबाहेर तरंगायला लागली आणि साहेबांचं डोकं खाली गेलं. पांढरा झगा फुलून सगळ्या टाकीवर पसरला.

गाणी सांगणारे आजोबा पुढच्याच रांगेत होते. डोकं पाण्याखाली गेलं की लगेच गाणं सुरू करायचं, असं साहेबांनीच त्यांना चारचारदा बजावलं होतं. आजोबांनी कर्तव्यात कसूर केली नाही. त्यांनी खणखणीत आवाजात पहिली ओळ उचलली, मंडळी उठून उभी राहिली आणि सगळे जीव तोडून गायला लागले. यापूर्वी बाप्तिस्मा पाहिला होता कुणी? बुटांकडे सगळे भक्तिभावाने बघत होते. मधल्या रांगेतल्या एका बाईने तर डोळे पुसले.

आणि पाळकबाईंनी तोंडावर रुमाल दाबला. त्यांना हसू फुटलं होतं. एवढं दाखवायची काय गरज होती, असंच त्यांना वाटलं. बूट डावीकडे गेले, उजवीकडे गेले, आणि बाईंचे खांदे हसण्याने हलायला लागले.

"थांबवा! गाणं थांबवा!"

ड्रायव्हर ओरडला आणि दुसऱ्या क्षणाला तो टाकीत होता. पायऱ्या वगैरे नाहीत. त्याने कठड्यावरून सरळ उडीच घेतली. पाण्याचा लोट उसळून पुढची रांग भिजली. तो वाकला, पूर्ण खाली गेला, झग्यात हरवला, आणि साहेबांना काखेत धरून त्याने पोत्यासारखं वर काढलं.

साहेब खोकले. नाकातोंडातून पाणी आलं. लालबुंद डोळ्यांनी त्यांनी मंडळीकडे पाहिलं. जिवात जीव आल्यावर त्यांचे पहिले शब्द निघाले, ते आजोबांना उद्देशून.

"दुसरं कडवंही घेतलंत?"

सगळ्या हॉलमध्ये हशा पिकला. लोक खुर्च्या धरून हसत होते, आजोबा खजील होऊन स्वतःवरच हसत होते. साहेबही हसले. ज्या हसण्याला ते एवढे भ्यायले होते, ते आता हॉलभर होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाळकबाई मात्र हसता हसता मटकन खाली बसल्या. नाडी मी बांधली, साबण मी राहू दिला, आणि मी हसत होते. त्यांना रडू कोसळलं. नवरा समोर धडधाकट उभा होता, तरी ते थांबेना.

हसणं हळूहळू ओसरलं, कारण एकेकाचं लक्ष ड्रायव्हरकडे गेलं. तो पाण्यात उभा होता. केसांतून पाणी गळत होतं. आपण कुठे आहोत हे त्याला आत्ता कळलं होतं. दोन्ही हातांनी त्याने कठडा असा धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

साहेबांनी ते पाहिलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तू खाली गेलास. डोक्यावरून पाणी गेलं. मी देवाचं नाव घेतो, तेवढं पुरेसं आहे. चल, बाहेर ये."

बाईंचा कानांवर विश्वास बसेना. नियमावर बोट ठेवून भांडणारा नवरा हे बोलत होता!

ड्रायव्हरने मान हलवली. दात वाजत होते, तरी शब्द स्पष्ट आले. "नाही साहेब. हे मी तुमच्यासाठी उतरलो. तेव्हा कळलंच नाही काही. आता कळतंय. आता न्या."

साहेबांनी झग्याखाली हात घालून नाडी सोडली. ती रबरी पँट पाण्याने भरून जड झाली होती. धडपडत तिच्यातून ते बाहेर आले आणि साध्या पायजम्यावर त्या गार पाण्यात उभे राहिले.

"अहो, तुमची छाती," बाई बोलून गेल्या.

"राहू दे," ते म्हणाले.

साहेबांनी एक हात ड्रायव्हरच्या पाठीशी धरला. प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. मग त्याने कठडा सोडला, एक हात आणि मग दुसरा. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने साहेबांनी त्याला मागे झुकवलं. त्याचे डोळे उघडे होते. तो उघड्या डोळ्यांनीच पाण्याखाली गेला.

आजोबांनी गाणं सुरू केलं नाही. त्यांची हिंमतच झाली नाही. पाळकबाई उठून टाकीच्या कडेशी येऊन उभ्या होत्या, आणि त्या पाण्यातून त्यांना त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

मग तो वर आला. मोठ्याने श्वास घेतला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्या एवढ्या मोठ्या माणसाचा वाटत नव्हता. साहेबांनी त्याला मिठीत घेतलं. दोघेही कुडकुडत होते.

तो पायऱ्या उतरून आला, तेव्हा बाई टॉवेल घेऊन पुढे झाल्या. पण कुणीतरी त्यांच्या हातातून तो टॉवेल ओढून घेतला. करडा कोट घातलेली ती बाई दारापासून इथवर कधी आली, ते कुणालाच कळलं नव्हतं. तिने टॉवेल भावाच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा पुसायला लागली. त्याला मान खाली घालावी लागली. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"कान नीट पूस," ती म्हणाली. "लहानपणापासून कान ओले ठेवतोस तू."