चार बाय साडेपाचचं बाथरूम

धुळ्यातल्या आमच्या घराचं बाथरूम चार फूट बाय साडेपाच फूट. त्यात खाली बसायचं भांडं, बेसिन, पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम आणि आत उघडणारं दार. दार लावायचं तर आधी ड्रमला खेटून उभं राहायचं आणि पोट आत घ्यायचं. आमचं चालून जात होतं. पण संक्रांतीनंतर नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला आणि त्यांचं उजवं अंग गेलं.

सकाळी भूषण, माझा नवरा, त्यांना धरून तिथे बसवायचा, उठवायचा आणि मग नरडाण्याला कारखान्यात जायचा. दिवसा पुन्हा वेळ आली तर? सासूबाईंच्या कंबरेत जोर नाही, आणि मी पडले सून. नानांनी यावर आपला तोडगा काढला. जेवण कमी केलं. तीन भाकरींवरून एकीवर आले, मग अर्धीवर. पाणी गोळीपुरतं. "माले भूकच नही शे," म्हणायचे. दोन महिन्यांत सदरा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच चाललं तर किडनी जाईल. मला इतका राग यायचा! नानांचा नव्हे, त्या मेल्या बाथरूमचा.

शेवटी मी जब्बारभाईंना बोलावलं. नळाचं, फरशीचं सगळं काम ते एकटेच करतात. त्यांच्या डोक्यावर मी दोन दिवस उभी होते. दार बाहेर उघडणारं करून घेतलं. बेसिन मागच्या ओट्यावर गेलं. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ड्रम तर हवाच. तो स्वयंपाकघरात दारामागे बसवला. जुनं भांडं काढून कमोड उजव्या कोपऱ्यात भिंतीला खेटून लावला, म्हणजे डावीकडे आंघोळीला जागा उरली. आणि त्याच उजव्या भिंतीत, धरून उठायला, स्टीलचा जाड रॉड.

"बसून बघा ताई, हात पोचतो का," जब्बारभाई म्हणाले.

मी झाकणावर बसले, हात लांबवला. रॉड बरोब्बर मुठीत आला. "एकदम फिट," मी म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले.

नानांना कुणी काही विचारलं नाही. आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. चौदा वर्षं मी "आई, नानांना विचारा, चहा ठेवू का?" असंच म्हणत आले, आणि नाना तिथेच हातभर अंतरावर बसलेले असायचे. चहाचं असं विचारता येतं. हे कसं विचारणार?

सोमवारी दहा वाजता नाना काठी टेकत एकटे आत गेले. सासूबाईंनी देवाला हात जोडले. मी तव्यावर एक भाकर जास्तीची टाकली. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. पाणी टाकल्याचा आवाज येऊन गेला होता, पण दार काही उघडेना.

सासूबाईंनी दार वाजवलं. "काय व्हयनं?"

"काही नही."

मग आतून आलं, "भूषण कवय येई?"

भूषण संध्याकाळी सातला यायचा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बसल्यावर रॉड येतो उजव्या हाताला, आणि नानांचा उजवा हात मेलेला. रोज त्यांचं ताट डाव्या हाताशी सरकवून ठेवणारी मीच, आणि रॉड लावताना मोजला तो माझा हात.

"तू नको जाऊ," सासूबाई म्हणाल्या. आतून कडी लावलेली नव्हती. मी दार ओढलं आणि गेले.

नानांनी डाव्या हातानं धोतर गुडघ्यांवर ओढून घेतलं होतं. तोंड भिंतीकडे. मी काखेत हात घालून त्यांना उचललं. किती हलके झाले होते! त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात नव्हता, कारण चांगला हात माझ्या खांद्यावर होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जब्बारभाईंना फोन केला. ते म्हणाले, "डावीकडे धरायला भिंतच नाही ना ताई. कमोड डाव्या कोपऱ्यात न्यावा लागेल, फरशी फोडून. मला यायला चार दिवस लागतील."

दुपारी नानांनी ताट परत सरकवलं. "भूक नही शे."

असे चार दिवस काढले तर हा माणूस राहील का? मी सासूबाईंकडे न बघता नानांच्या समोर खाली बसले.

"नाना, चूक माझी आहे. मी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. पण तुम्ही जेवा. चार दिवस मी नेईन तुम्हाला."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. मग चौदा वर्षांत पहिल्यांदा नानांनी मला सरळ विचारलं,

"उचलशी तवय डोया मिटी लेशी ना?"

"हो, नाना."

डोळे मिटून कुणाला उचलता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.