पलीकडच्या गल्लीचा जामीन

दंगल शमून चार महिने झाले होते, तरी दोन गल्ल्यांमधला रस्ता लोक अजून मान खाली घालून, भरभर ओलांडत. दंडाधिकारी मॅडमनी त्यावर एक उपाय काढला होता. ज्यांच्याविरुद्ध पुरावा नाही पण संशय आहे, अशा अकरा जणांकडून त्यांनी शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतले, आणि प्रत्येकाचा जामीनदार पलीकडच्याच गल्लीतला हवा, असा दंडक घातला. दर सोमवारी दहाच्या आत दोघांनी मिळून कचेरीत सही करायची. एक खाडा झाला, की तुरुंग.

मी त्याच कचेरीत कारकून; हजेरीवही माझ्याकडे होती.

पलीकडच्या सुताराला जामीन राहायला आमच्या गल्लीतून कोणी पुढे येईना. शेवटी माझे वडील उठले. त्यांचे शिवणकामाचे दुकान त्याच दंगलीत जळाले होते. यांचे डोके फिरले आहे, असे आई म्हणाली. मला मात्र त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला होता.

मग जळालेले दुकान पुन्हा उभे करायला सुतार तिथे येऊ लागला. वडिलांची उंची नुसत्या नजरेने जोखून त्याने कापड बेतायचे टेबल करून दिले. ते इतके नेमके उतरले, की वडील कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिले. मी वडिलांसाठी आणलेली आरामखुर्ची महिनाभरात कापडाच्या गठ्ठ्यांखाली गेली होती. ‘तुझा खिळा चुकला तर लाकूड फाटतं, माझा टाका चुकला तर गिऱ्हाईक तुटतं,’ असे म्हणून ते हसत. त्याला ते ‘लेका’ म्हणत. मला हाक मारताना नुसते ‘अरे’.

मत्सर हा शब्द मी स्वतःशीसुद्धा उच्चारला नाही. भिंतीत ओल चढते तसा तो माझ्यात आवाज न करता चढत गेला.

त्या सोमवारी दहा जोड्यांच्या सह्या झाल्या होत्या. दहाला सात मिनिटे कमी असताना मला खिडकीतून ते दोघे दिसले. वडिलांचा गुडघा दुखत असावा. सुतार त्यांच्या चालीने चालत होता, कोपराला हात देऊन. तो काहीतरी बोलला आणि वडील भर रस्त्यात थांबून हसले. माझ्याबरोबर ते नेहमी दोन पावले पुढे चालत आले आहेत.

मी लाल पेन उचलले, सुताराच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले आणि रेघ मारली.

ते जिना चढून आले तेव्हा माझ्यामागच्या घड्याळात दहाला तीन मिनिटे होती. वहीत नोंद झाली आहे, असे मी सांगितले. सुताराचा चेहरा उतरला. ‘अहो, दहा वाजायचेत की अजून,’ तो म्हणाला. मी वर पाहिले नाही. बाकांवर बसलेली माणसे उठली. न ठरवता दोन भिंतींना दोन घोळके झाले. ‘आमच्यातला धरायचा म्हणजे घड्याळ कसं अचूक चालतं,’ असे सुताराच्या बाजूचे कोणीतरी पुटपुटले. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी जामीनदाराला विचारले.

वडिलांनी घड्याळाकडे पाहिले, मग वहीकडे.

‘घड्याळ मागे असेल, मॅडम. वही माझ्या मुलाची आहे, ती चुकायची नाही. उशीर माझ्या गुडघ्यामुळे झाला. आत घालायचं तर मला घाला.’

इतकी वर्षे ज्या शब्दांसाठी मी झुरलो, ते असे, या क्षणी, या रेघेवर येऊन पडले.

‘घड्याळ बरोबर आहे,’ मी म्हणालो. ‘रेघ मी दहाला सात मिनिटं असतानाच मारली. ते येताना मला दिसत होते.’

मॅडमनी कारण विचारले. मग त्यांनी वही माझ्यासमोरून ओढून घेतली, पुढच्या सोमवारपासून हजेरी दुसरे कोणी घेईल असे सांगितले, आणि लाल रेघेवरच सुताराची सही घेतली. भिंतींपासची माणसे हळूहळू पुन्हा बाकांवर टेकली.

मग वडिलांनी सही केली. पेनाला टोपण लावले, आणि मी पुढे केलेल्या हातात न देता ते टेबलावर ठेवले.