सहा डोळ्यांचा आरोप

मी बोलतेय ती शिकंज्याच्या मागून. शिकंजा म्हणजे खळ लावलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. पुढे या म्हणू नका. माणसाच्या हातात काय आहे ते आधी बघायची मला सवय लागलीय.

मी कोळी आहे, त्यात बाई. जाळं विणत बसत नाही, पळून शिकार धरते. बाइंडिंगच्या या दुकानात जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यामागे माझा जन्म झाला. खळ झुरळांना फार आवडते आणि मला झुरळं. दोन उन्हाळे मी मालकाच्या मालाची फुकट राखण केली. त्याने कधी विचारलं नाही, मीही कधी बोलून दाखवलं नाही.

यंदा पोटाशी अंड्यांची पिशवी होती, पांढरी, चपटी, बटणासारखी. ती सोडून मी खायलाही जात नव्हते. भिंतीला चिकटून नुसती लक्ष ठेवत होते. त्याच आठवड्यात मालकाची उजवी तर्जनी सुजली.

"काहीतरी चावलंय," तो म्हणाला आणि त्याने वर पाहिलं. वर मी होते.

नेमकं तेव्हाच एका कॉलेजच्या ग्रंथालयातून कोळ्यांवरचं पुस्तक बांधायला आलं होतं. उसवलेलं, फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे, सुटे. एका पानावर चित्र, समोरच्या पानावर माहिती. मालकाने डाव्या हाताने ते कसंबसं लावलं आणि चाळता चाळता थबकला. चित्र हुबेहूब माझं. समोर छापलेलं: 'पाठीवर व्हायोलिनसारखी खूण. चावल्यास जखम चिघळते. धोकादायक.'

माझ्या पाठीवर काळपट डाग आहे. व्हायोलिन बघायचंच ठरवलं तर त्यात व्हायोलिनही दिसेल.

"मी कधीची सांगतेय," मालकाची थोरली बहीण म्हणाली. "त्या मेलीची नजरच वाईट." तिने कसला तरी पाला वाटून त्याच्या बोटाला लेप लावला आणि येताना झुरळं मारायचा फवारा घेऊन आली. जखम त्याच्या हाताला आणि औषध माझ्यासाठी.

दुपारी मालकाची मुलगी कॉलेजातून आली. दारातच तिचं हाताकडे लक्ष गेलं.

"बाबा, हे डॉक्टरना दाखवलंत?"

"आधी तिचा बंदोबस्त होऊ दे. विष उतरलं की सूजही उतरेल."

"तीन दिवस तुम्ही भिंतीकडे बघत बसलाय?"

"पुस्तकात छापलंय. छापलेलं खोटं असतं का?"

तिने काचेचा पेला उचलला आणि शिकंज्याच्या बाजूने येऊन माझ्याभोवती टेकवला. पिशवी मी घट्ट धरली. ही शिकलेली, म्हणजे जास्त नीट मारणार, एवढंच मनात आलं.

तिने बारीक अक्षरांचं भिंग घेतलं आणि वाचायला लागली. "सहा डोळे, दोन-दोनच्या तीन जोड्या." मग भिंग काचेला लागलं. पलीकडे तिचा एकच डोळा, प्रचंड. "पुढे चार, मागे चार. आठ आहेत. आणि डोळ्यांखाली पांढरट पट्टा, मिशीसारखा. याबद्दल इथे अक्षरही नाही."

"असतात एखाद्याला जास्त," आत्या म्हणाली.

"आत्या, डोळे आहेत ते. तीळ नाहीत."

मुलीने पानांचे आकडे पाहिले. "चित्राचं पान सोळा, समोरच्या मजकुराचं तेहतीस. बाबा, फर्मे चुकलेत."

"तीस वर्षांत माझा फर्मा चुकलेला नाही," मालक म्हणाला. हातापेक्षा त्याला हे जास्त लागलं होतं.

"तीस वर्षांत डाव्या हाताने कधी लावला होता?"

तिने माझ्या चित्राचा खरा मजकूर काढला. 'घरात आढळते. जाळं विणत नाही. दाबलं तर चावते, गांधीलमाशीसारखं दुखतं. जिवाला धोका नाही.' ऐकून मला थोडा रागच आला. पण तक्रार करायची ती वेळ नव्हती.

"मग मला चावलं काय?"

"काही लागलं होतं का?"

"छे."

"टोचलं?"

"दाभण तर रोजच टोचतं. ते काय लागणं झालं?"

तिघांनी टेबलाकडे पाहिलं. दाभण तिथेच पडलं होतं, जुन्या खळीने माखलेलं, मुठीजवळ गंजलेलं. मी वरून सगळं पाहिलं होतं. सोमवारी ते बोटात खोल गेलं, त्याने बोट तोंडात घातलं आणि पुढचा टाका घेतला. पण साक्षीदाराला कुणी विचारतं का? त्याला पेल्याखाली ठेवतात.

मुलीने लेप पुसला. बोटापासून निघालेली लाल रेघ मनगट ओलांडून गेली होती.

"सकाळी कुठवर होती?"

"अलीकडे," मालक हळूच म्हणाला. "चार बोटं."

"उठा."

"लेप वाळू दे तरी," आत्या म्हणाली.

"वाटेत वाळेल."

ते गेले. मी पेल्याखालीच. संध्याकाळी मुलगी परतली, पेल्याखाली पुठ्ठा सरकवला आणि मला शिकंज्यामागे सोडलं. तरी रात्रभर मी पाय सैल सोडले नाहीत. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर मालकाचं बोट गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

आता अंडी फुटलीत, पोरं पांगलीत. पुस्तक नीट बांधून गेलं. दाभणाच्या टोकाला बूच आलंय. पण मालकाचा माझ्यावर भरवसा बसलेला नाही, आणि माझा त्याच्यावर. रोज सकाळी तो एका हातात चप्पल आणि बँडेजच्या हातात भिंग घेऊन समोर उभा राहतो. ओठ हलतात. एक, दोन, तीन. सातवर आला की माझे पाय ताठ होतात. मग तो "आठ" म्हणतो आणि चप्पल पायात घालतो.

तुम्हालाही तुमच्या भिंतीवर माझ्यासारखी कुणी दिसेल. मारायचं की नाही ते मग ठरवा, आधी मोजा. तोवर मी हलणार नाही.