गलगलाची धुरी

लिफ्टमधला पंखा जानेवारीतसुद्धा बंद होत नसे, म्हणून अलकनंदाबाईंनी लोखंडी पळीवर ताटली आडवी धरली होती. पळीत लालभडक निखारा होता. शेजारच्या अरोराबाई कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या. "बैंगन का भर्ता?" त्यांनी विचारलं. अलकनंदाबाईंनी बिनदिक्कत होकारार्थी मान हलवली. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या सोसायटीत निम्मं आयुष्य गेलं तरी, हा निखारा रमच्या पेल्यासाठी चाललाय, हे सांगायची हिंमत त्यांना अजून झालेली नव्हती.

निखारा रामसरनचा. तो फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली सगळ्या सोसायटीच्या कपड्यांना कोळशाची इस्त्री करायचा, आणि वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या रविवारी, इस्त्रीचं झाकण उघडून एक चांगला निखारा चिमट्याने निवडून आंटीजींना द्यायचा. कशाला, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा वाटा संध्याकाळी त्याला पोचत असे.

हे सगळं सुरू झालं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. अलकनंदाबाईंचे यजमान श्यामकांत तेव्हा नोकरीत नवे होते. गणेशोत्सवात छावणीतून हलगी वाजवायला येणाऱ्या हिंदुराव नावाच्या जवानाशी त्यांचं गूळपीठ जमलं, आणि त्या थंडीत हिंदुराव कँटीनची रम घेऊन घरी आला. घरात लिंबू म्हणून एकच गलगल होतं. दिल्लीच्या थंडीत मिळतं ते, मोठं, जाड सालीचं, लोणच्याचं. ते शेगडीच्या कडेला पडून काळं झालेलं. टाकायचं कशाला म्हणून श्यामकांतांनी तेच पिळलं, गुळाचं पाणी घातलं, बर्फ घालून बरणीत खळखळवलं. एक घोट घेऊन दोघे एकमेकांकडे बघतच राहिले.

पुढे फ्लॅट आला, गॅस आला, शेगडी गेली आणि पेल्यातला धूरही गेला. त्या वर्षी दोन्ही मित्र असे हिरमुसले की अलकनंदाबाईंना कीव आली. त्यांच्या माहेरी ताकाला निखाऱ्याची धुरी द्यायचे. "मी देते धुरी," त्या म्हणाल्या, आणि कामाची वाटणी तेव्हा झाली ती झालीच. निखारा त्यांचा, बरणी श्यामकांतांची. बाईंनी ते पेय कधी चाखलं मात्र नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, कुणी घे असंही म्हटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात श्यामकांतांच्या उजव्या हाताला कंप सुटला. दिवाळीपर्यंत डावाही थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, घोटभर घ्यायला हरकत नाही असंही सांगितलं, पण श्यामकांतांनी लोकांसमोर चहासुद्धा घेणं सोडलं. चहा पिताना बेल वाजली की कप तसाच ठेवून ते आत जात आणि शर्ट बदलूनच बाहेर येत. वाटाण्याएवढा डाग असला तरी. मोरीतल्या बादलीत दिवसाला तीन-तीन शर्ट पडत. अलकनंदाबाई ते धुवायला टाकत. हळूहळू बेलही वाजेनाशी झाली. हा माणूस असाच आत आत सरकत गेला तर एक दिवस आपल्यालाही दिसेनासा होईल, अशी धास्ती त्यांनी घेतली होती.

आणि मग श्यामकांतांनी हिंदुरावला फोन करून सांगितलं की यंदा येऊ नकोस, तब्येत बरी नाही. बाईंनी ते स्वयंपाकघरातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनीच हिंदुरावला उलटा फोन केला. या, म्हणाल्या, मी बोलावतेय.

आज सकाळी त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. श्यामकांत रागावले असते तर बरं झालं असतं. "मला विचारलंस का?" एवढंच ते म्हणाले, झोपायच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

बाई निखारा घेऊन वर आल्या तेव्हा हिंदुराव दारातच उभा होता. सुभेदार होऊन रिटायर झालेला, पालमला घर बांधलेला, मिशा पांढऱ्या, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. "वैनी, सायेब कुटं हायती?" त्याने हळूच विचारलं. बाईंनी डोळ्यांनी बंद दार दाखवलं. तो समजला. बाल्कनीतल्या उन्हात खुर्ची ओढून बसला.

आता बरणीचं कामही अलकनंदाबाईंवर आलं. आजवर श्यामकांत करताना त्यांनी पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. गलगल किती पिळायचं, गूळ किती, काही अंदाज नव्हता. त्यांनी पातेल्यात रस काढला, गुळाचं पाणी ओतलं. रम नंतर, निखारा बाहेर काढल्यावर, हा श्यामकांतांचा दंडक त्यांना आठवत होता. पातेल्यात मधोमध वाटी ठेवून त्यांनी निखारा तिच्यात सोडला. कान मात्र सगळे त्या बंद दाराकडे. वर तुपाचा थेंब टाकला, आणि ताकाला द्यायची तशी हाताच्या सवयीने चिमूटभर हिंगाची पूडही टाकली.

झाकण ठेवलं आणि काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. हिंगाचा खमंग धूर झाकणाच्या फटीतून निघाला, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेला, बाल्कनीत हिंदुराव शिंकला. बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. वर्षातून एकदा एवढंच तर करायचं असतं आपल्याला, आणि तेही आज बिघडवलं. त्यांना रडू आलं.

आतली कडी निघाल्याचा आवाज झाला.

"अगं, हिंग?" श्यामकांत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. विस्कटलेले केस, पायांत एकच सपात, चेहऱ्यावर भलतंच दुखावल्याचा भाव. "हिंग घातलास तू त्यात?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. श्यामकांतांनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. निखारा काढ आधी, म्हणाले. मग जवळ येऊन पातेल्यावर वाकले, वास घेतला आणि बराच वेळ विचार केला. कचेरीतल्या अडलेल्या फाइलकडे ते असेच बघत असत. आणखी अर्धं गलगल पीळ, गूळ बस झाला, किंचित मीठ टाक, असं एकेक सांगत गेले. बाई करत गेल्या. हिंदुराव कधी बाटली उघडून मागे येऊन उभा राहिला ते दोघांनाही कळलं नाही. रम पडली, बर्फ पडला, बरणीचं झाकण घट्ट बसलं.

मग तिघेही थांबले. बरणी ओट्यावर होती आणि ती कुणीतरी उचलायची होती. हिंदुरावचा हात अर्धा पुढे आला, पण बाईंनी नजरेनेच त्याला अडवलं.

श्यामकांतांनी दोन्ही हातांनी बरणी उचलली. ती लगेच थरथरायला लागली, बर्फ काचेवर खडखड वाजू लागला, आणि निसटणार असं वाटलं तेव्हा अलकनंदाबाईंनी खालून आपले दोन्ही हात लावले. त्यांचे हात गार होते. लग्नानंतर आजवर कुणाच्या देखत त्यांनी नवऱ्याचा हात असा धरला नव्हता.

"बघ हिंदुराव," श्यामकांत बरणीकडे बघत म्हणाले, "आता मला हलवावंही लागत नाही. नुसती धरली की झालं."

हिंदुराव हसला नाही. "चांगलं हाय की सायेब," तो म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवत बाल्कनीत निघून गेला. पाठ वळल्यावर त्याने डोळे पुसले असावेत.

बाल्कनीत तीन पेले गेले. तिसरा कुणाचा, ते श्यामकांतांनी विचारलं नाही, स्वतःच तो बायकोपुढे सरकवला. अलकनंदाबाईंनी एक घोट घेतला. आंबट, धुरकट, मग गूळ, मग घशाशी ऊब, आणि सगळ्यात शेवटी माहेरचं ताक. त्यांना हसूच आलं. इतकी वर्षं हे दोघे आपल्याला न देता हे पीत होते तर, असं त्या म्हणाल्या. हिंदुरावने आता दर वर्षी हिंग असाच राहू द्या म्हणून सांगितलं. श्यामकांतांनी पेला ओठाला लावला. निम्मा घोट तोंडात गेला, निम्मा स्वेटरवर. ते क्षणभर तसेच थबकले. मग त्यांनी पेला पुन्हा उचलला.

ऊन उतरल्यावर हिंदुराव निघून गेला. बाईंनी रामसरनचा वाटा झाकणाच्या छोट्या बरणीत भरून ठेवला होता. तो श्यामकांतांनी मागून घेतला, सपाता काढून चपला घातल्या. बाई कपाटातून धुतलेला स्वेटर घेऊन आल्या, तोवर लिफ्ट आली होती. आत अरोराबाई उभ्या होत्या. "नमस्ते भाईसाहब, बड़े दिन बाद," त्या म्हणाल्या. श्यामकांत नमस्ते म्हणाले आणि छातीवरच्या पसरलेल्या डागासकट त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

दार बंद झालं. अलकनंदाबाईंनी हातातल्या स्वेटरची पुन्हा घडी घातली.