दिवाळीचा सेशन

"आंटी, तुमचा लिमिट संपली आहे," ऋजुता काउंटरमागून म्हणाली. इथे लंडनच्या हॅरोत वाढलेली पोरगी. क्लिनिकमध्ये कोणी मराठी बोलतं हेच माझं नशीब, व्याकरण कुठे काढत बसू?

"संपेल कशी? शेवटचा सेशन मी मुद्दाम आजच्यासाठी ठेवलाय."

"या वर्षी तुमच्या कंपनीने कमी केला. वर्षाला सहाच. सहा झाले."

वेम्बलीतल्या एका मसाल्याच्या कंपनीत मी पगाराचं काम बघते. कंपनीच्या हेल्थ प्लॅनमधून फिजिओथेरपी मिळते, वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत. माझा नवरा मिलिंद गेला त्या हिवाळ्यात खांदा खरोखरच आखडला होता. इथल्या फिजिओ हेलनने तो वर्षभरात मोकळा केला. त्यानंतर दुखतोय म्हणून मी सांगत राहिले, ते निव्वळ खोटं. पण अख्ख्या इंग्लंडमध्ये माझ्या पाठीला हात लावणारं दुसरं होतं कोण?

वर्षातला शेवटचा सेशन मी नरकचतुर्दशीच्या सकाळी घ्यायचे. आमच्याकडचं तेल आहे, खांद्याला बरं असतं, असं हेलनला सांगायचे. ती बिचारी वास घेऊन "लव्हली" म्हणायची आणि पाठभर चोळायची. मिलिंदही असाच चोळायचा, वर बाटली पुरणार नाही म्हणून चिडवायचा. मग घरी येऊन मी आंघोळ करायचे, की झाली माझी दिवाळी.

आजही तशीच पारोशी आले होते, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

"स्वतः पे करा ना," ऋजुता म्हणाली. "हेलन फ्री आहे आत्ता."

पैशाने माझं काही अडत नव्हतं. पण प्लॅनमधून होत होतं तोवर ते औषध होतं. पदरचे पैसे देऊन परक्या बाईला सांगायचं, माझ्या पाठीवरून हात फिरव? आपल्यावर ही वेळ आलीय, हे मला स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं.

"नको गं. आता तसा बरा आहे खांदा."

वाजणारा नोकिया पर्समध्ये शोधताना तेलाची बाटली काउंटरवर काढून ठेवावी लागली. फोन बँकेचा होता, काहीतरी विकायला.

"हे काय आहे?" ऋजुताने विचारलं.

"तेल. आज सकाळी अंगाला लावून आंघोळ करतात."

"नाइस. स्वतः लावायचा?"

"नाही. घरातलं कोणीतरी लावतं."

"तुम्हाला कोण लावते?"

साधा प्रश्न, पण मला तिचा असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. ती आपली हसून उत्तराची वाट बघत होती.

"आहेत की घरी," मी म्हटलं आणि बाटली पर्समध्ये टाकली.

घरी येऊन हीटर लावला, तेल कोमट केलं आणि बाथरूममध्ये स्टुलावर बसले. एक हात खांद्यावरून, दुसरा कमरेकडून. हेलनने शिकवलेले व्यायाम फुकट गेले नव्हते, हात पूर्वीपेक्षा बराच मागे जात होता. तरी मध्ये तळहाताएवढी जागा राहिली. पुन्हा प्रयत्न केला, मग हात बदलून केला.

शेवटी तेवढी कोरडीच ठेवली आणि अंगावर पाणी घेतलं.