परत गेलेली ओवाळणी

चिठ्ठीची घडी नेमकी भावाच्या, शिरीषच्या नावावर पडली होती... साधनाने ती नखाने सपाट केली, पुन्हा केली. बँकेची भाषा कोरडी: अकरा फ्रँक, पाठवणाऱ्याकडे परत. कारण – स्वीकारण्यास नकार.

स्वित्झर्लंडच्या बाझेलहून तिला जर्मनीत, हॅनोव्हरला दर दिवाळीत भावाचे अकरा फ्रँक येत, सोबत 'भाऊबीज' एवढाच शब्द. लहानपणी तो ताटात अकरा रुपये घालायचा, म्हणून अकराच. पगार वाढला, आकडा हलला नाही. चार वर्षांपूर्वी त्याने आईला चिंचवडच्या वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा साधना त्याला फोनवर म्हणाली होती, "आजपासून मला भाऊ नाही." त्यानंतर दोघांमध्ये हे अकरा फ्रँक तेवढे उरले. ती उत्तर देत नसे. पण आले का, हे मात्र दिवाळी सरेपर्यंत रोज पाहायची.

यंदा आले, आणि बँकेच्या नव्या नियमाने परदेशी रकमेवर दहा युरो आकार लागला. अकरा फ्रँकचे झाले साडेनऊ युरो. म्हणजे भावाने ओवाळणी घालावी आणि बहिणीच्याच खात्यातून वर पन्नास सेंट जावेत – चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ती तावातावाने बँकेत गेली. काउंटरवरची बाई भली होती, हेच वाईट झालं.

"आल्झो, म्हणजे असं करूया, रक्कम परत पाठवू का? मग तुमच्याकडून काहीच घेणार नाही."

आणि साधनाने सही केली.

ओवाळणी कुणी परत करतं का? हाडवैर असलेल्या बहिणीसुद्धा ताटातलं नाणं परत करत नाहीत...

"अगं, फोन करून सांग त्याला, बँकेचा घोळ झाला म्हणून," तिचा नवरा पद्माकर बूट घालता घालता म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"अहो, चार वर्षांनी पहिला फोन करायचा, आणि तो बँकेच्या आकाराबद्दल?"

तो ऑफिसला गेला. ती मनात वाक्य जुळवत बसली – शिरीष, अरे, त्यांनी दहा युरो कापले, म्हणून मी... सगळं खरं होतं, एकेक शब्द खरा, आणि तरी वाक्य पुढे जाईना. कारण सही करताना दहा युरो डोक्यात नव्हतेच. डोळ्यांसमोर होती आईची खोली, भिंतीला लावलेली कॉट, "मी बरी आहे गं" म्हणणारी आई. आणि फॉर्मवर, सहीच्या बरोबर वर, ठळक अक्षरांत तो शब्द होता, नकार. मी तो वाचला होता. जर्मन येत नाही असं आता कुणाला सांगू, बारा वर्षं झाली इथे... वाचला, आणि शिरीषनेही वाचावा असं वाटलं, क्षणभर अगदी गोड वाटलं.

त्याने वाचला असेल एव्हाना. तो काही विचारणार नाही, मी काही सांगणार नाही, आणि पुढच्या दिवाळीत खातं उघडून पाहण्याचं मला कारण उरणार नाही.